दिव्यावरचे पाहुणे

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



परवा वर्ग चालू असताना दिव्याभोवती किडे जमले. पाटीवर लिहिणे अवघड झाले. कुणी टॉवेल फिरवला, कुणी चप्पल उगारली. मी मात्र बघत बसलो होतो. तेव्हा मागून एक भाऊ म्हणाले, "गुरुजी, त्या किड्यांत एवढं काय बघता?" आज त्यांना उत्तर देतो.

त्यातले बरेचसे किडे म्हणजे पतंग. दोऱ्याने उडवतो तो कागदाचा पतंग नव्हे. हा फुलपाखराचा भाऊबंद. फुलपाखरू दिवसा हिंडते, पतंग बहुधा रात्री. फुलपाखरू बसले की पुष्कळदा पंख पाठीवर उभे मिटते. पतंग ते छपरासारखे उतरते ठेवतो, नाहीतर सपाट पसरतो. पण पक्की खूण डोक्यावर आहे. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला आगकाडीच्या गुलासारखी गाठ असते. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी असते. आपल्या देशात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या आसपास आहेत. पतंगांच्या १०,००० हून जास्त!

पतंग प्रेमाने दिव्यावर जीव टाकतो, असे कवी म्हणतात. म्हणोत बापडे. खरी गोष्ट निराळी आहे. उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची, ही त्याची सवय. मोकळ्या रानात उजेड आभाळातून येतो, म्हणून पाठ वर राहते. दिवा बाजूला असला, की तो दिव्याकडे पाठ वळवतो, कलंडतो आणि तिथेच फेऱ्या घालत राहतो. २०२४ साली शास्त्रज्ञांनी कॅमेऱ्याने टिपून हे दाखवले.

मला हा नाद फार वर्षांपासून आहे. पहिला पाऊस पडून गेला, की अंधाऱ्या रात्री ओसरीवर पांढरे धोतर टांगायचे, पुढे दिवा ठेवायचा आणि बसायचे. एकेक पाहुणा धोतरावर येऊन बसतो. त्याची लांबी पट्टीने मोजतो. रंग, ठिपके, बसण्याची ढब वहीत लिहितो. आमची मंडळी म्हणते, "आज भिंतीला धोतर नेसवलंत वाटतं!"

एका रात्री मोठा तपकिरी पतंग आला. त्याच्या पाठीवर पिवळसर खूण होती, हुबेहूब माणसाच्या कवटीसारखी. बोटात धरला तर चीं चीं ओरडला. शेजारच्या काकू घाबरल्या. "गुरुजी, मढ्याचं पाखरू आहे ते. आधी बाहेर टाका!" दुसऱ्या दिवशी मी काकूंना त्यांच्याच तिळाच्या शेतात नेले. पानाखाली बोटाएवढी जाड अळी होती. शेपटावर वाकडे शिंग. "काकू, हे त्याच पाखराचं पोर," मी म्हणालो. हा पतंग रात्री मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितो. मधाचा चोर आहे खरा, पण मढ्याशी त्याचा काही संबंध नाही. काकू हसल्या. तरी घरी जाताना त्यांनी मागे वळून पाहिलेच.

भंडारा, गडचिरोली भागात तर लोक पतंग पोसतात. ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरची अळी वाढवतात, तिच्या कोषापासून रेशीम काढतात. कोषातून निघालेला पतंग मोठा देखणा. चारही पंखांवर आरशासारखे गोल डोळे. पण त्याला खाणेपिणे नाही. अळी असताना जे खाल्ले, त्याच शिदोरीवर चार दिवस काढायचे.

आता माझी चूक सांगतो.

२०१८ साली आमच्या गावचे आबा मक्याच्या पोंग्यातली एक अळी काडेपेटीत घालून घेऊन आले. भिंग माझ्या खिशात होते. ते मी काढले नाही. गावात माझे नाव झाले होते ना! नुसती नजर टाकली आणि ऐटीत म्हणालो, "आबा, ही आपली नेहमीची लष्करी अळी. घाबरू नका." आबांनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला. पंधरा दिवसांनी मी त्यांच्या शेतात गेलो. पोंग्यांची चाळण झाली होती. आत लाकडाच्या भुशासारखी घाण साचली होती. त्या मक्यावर आबा बैल घेणार होते. त्या वर्षी बैल आला नाही. आबा मला एक शब्द बोलले नाहीत. तेच मला फार लागले.

ती अळी परदेशची होती. तिचे मूळ अमेरिका खंडात. २०१६ साली ती आफ्रिकेत दिसली, २०१८ साली कर्नाटकात, आणि त्याच वर्षी आपल्याकडे. तिला अमेरिकन लष्करी अळी म्हणतात. तिची खूण नीट ऐका. कपाळावर फिकट रेघ असते, बेचकी उलटी धरल्यासारखी. शेपटाकडे चार काळे ठिपके असतात, चौरंगाच्या चार पायांसारखे. मी भिंग काढले असते, तर दोन्ही खुणा दिसल्या असत्या.

तिचा पतंग मक्याच्या पानावर पुंजक्याने अंडी घालतो. वर लवेचे पांघरूण असते. असा पुंजका दिसला, की तिथेच चिरडावा. शेतात कामगंध सापळेही लावतात. त्यात मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासाला नर येऊन अडकतो. पण जात निराळी तसा वास निराळा, बरे का! हरभऱ्याच्या घाटेअळीची गोळी मक्यात टांगली, तर मक्याचा नर तिकडे फिरकत नाही. दुकानात गोळी मागताना अळीचे नाव बरोबर सांगा. पाकिटावरचे नावही आता तुम्हाला वाचता येते. ते वाचूनच पैसे द्या.

आबा अजूनही काडेपेटी घेऊन येतात. आता मी आधी भिंग काढतो, मग बोलतो. कधी कधी आबाच माझ्या आधी सांगतात, "गुरुजी, चौरंग नाही हिच्या पाठीवर."

परवा अमावास्या आहे. वर्ग सुटल्यावर शाळेच्या ओसरीवर धोतर टांगणार आहे. वही आणि पेन्सिल आणा. टॉवेल घरी ठेवा.