जुन्या दगडाची सोय

(जीर्णोद्धाराच्या कामापूर्वी झालेल्या ग्रामसभेतील भाषण)



कोर्टकचेरी किंवा दवाखान्याच्या कामाने चंद्रपुरास जाणारा मनुष्य जटपुरा दरवाजातून जातो. गर्दी एवढी, की मान वर करण्यास फुरसत नसते. तेथे गोंडराजांचे चिन्ह कोरलेले आहे : हत्तीवर आरूढ झालेला सिंह. सिंह मोठा नि हत्ती लहान! कारागिराने हत्ती पाहिला नव्हता असे थोडेच? राजाचा दरारा दाखवायचा होता.

त्या परकोटाला दरवाजे ४ : जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर. शिवाय ५ खिडक्या आहेत. येथे खिडकी म्हणजे पायी ये-जा करण्याचे लहान दार. बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसण अशी त्यांची नावे. मसण खिडकीचे काम नावातच आले. प्रेत न्यायचे तर मोठ्या दरवाजापर्यंत वळसा नको. हत्ती-घोड्यांची सोय कोणीही राजा पाहील. तिरडी खांद्यावर घेतलेल्या चौघांची सोय पाहिली, ही गोष्ट त्या सिंहाहून मोठी म्हणावी लागेल.

देवळाचेही तसेच आहे. जुन्या फरशीवरील टाकीचे घाव म्हणजे काम अर्धवट राहिल्याची खूण नव्हे. श्रावणात ओल्या पायाने येणारी म्हातारी त्यांच्यामुळे घसरत नाही. गाभाऱ्याच्या फरशीला जो किंचित उतार असतो, त्याने अभिषेकाचे पाणी बाहेरच्या पन्हळीकडे जाते. हल्ली वरून गुळगुळीत टाईल बसवितात. जमीन दोन बोटे उंच होते, पन्हळ बुजते आणि पाणी देवाच्या पायाशीच साचते. ऑइलपेंटने नक्षी भरून जाते व दगडातील ओल आतच कोंडते. देणगीदारांच्या भक्तीविषयी शंका नाही. पण पैसा देणाऱ्याने तो कोठे लागतो हे विचारले तर त्यात वावगे काय?

मार्कंड्याच्या देवळांचे वर्णन पुरातत्त्व खात्याच्या कनिंगहॅम साहेबांनी १८७० नंतरच्या दशकातच लिहून ठेवले. येथेही समितीने एक वही घालावी. उचलायच्या प्रत्येक दगडावर चुन्याने क्रमांक टाकावा व तोच वहीत उतरवावा. आणि मिस्त्रीने पहिला घण घालण्याआधी गाभाऱ्यात एक घागर पाणी ओतून ते कोणत्या बाजूने बाहेर पडते, हे सर्वांसमक्ष पाहून घ्यावे.