गंगेच्या पाण्याची नोंदवही
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा सारांश)



काशीत अहिल्याबाई घाट आहे, भोसले घाट आहे, सिंदिया घाट आहे. आपल्या माणसांनी इथे पायऱ्या बांधल्या. त्या उतरल्यावर ओंजळीत येणाऱ्या पाण्याची विचारपूस कोण करते, हा आजचा विषय.

सरकारी मंडळे तपासणी करतातच. पण ती नागरिकांनीही करावी, हा धडा काशीनेच दिला. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात हायड्रॉलिक इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. त्यांनी १९८२ मध्ये संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले व पुढे तुलसी घाटावर प्रयोगशाळा उभी राहिली. गंगेत नित्य स्नान करणारा हा माणूस तेच पाणी बाटलीत भरून तपासत असे. २०१३ मध्ये ते गेले.

स्नानाच्या पाण्याचे निकष ठरलेले आहेत. विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा, बीओडी ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. मैल्यातले कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत चालतील, २५०० च्या वर मुळीच नाहीत.

आमच्याकडे डिझेल इंजिनाच्या कूलिंगचे पाणी ठरल्या वेळी लॅबमध्ये तपासतात. एका नमुन्याने फारसे कळत नाही. नोंदवहीतले मागचे आकडे शेजारी ठेवले की बिघाड दिसतो. नदीचेही तसेच. जागा तीच हवी आणि वेळही तीच, कारण शेवाळामुळे प्राणवायू पहाटे कमी व दुपारी जास्त भरतो. बाटलीत हवेचा बुडबुडा राहू नये, प्राणवायूसाठीची रसायने घाटावरच घालावीत. जंतूंचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा.

माझी सूचना साधी आहे. मंडळातल्या चौघांनी महिन्यातून एक सकाळ द्यावी. एक नमुना अस्सीच्या वरच्या अंगाला, दुसरा वरुणा संगमाच्या खाली घ्यावा. आपण विसर्जन करतो त्या कुंडाचाही विसर्जनाआधी आणि नंतर घ्यावा. शाडूची मूर्ती, निर्माल्य वेगळे, हे आपण सांगतो; त्याने किती फरक पडला, हे आकडाच सांगेल.

तो आकडा देणगीदारांच्या यादीशेजारी दरवर्षी स्मरणिकेत छापावा. आपल्याला न आवडणारा निघाला, तरी छापावा. दुसऱ्याकडे हिशेब मागायचा, तर आधी आपला मांडला पाहिजे.

गणपती बाप्पा मोरया!