आधी छप्पर, मग पंखा
(शालेय इमारतींतील सुखसोय आणि वीजबचत या विषयावरील भाषणाचा मजकूर)



एका बाजूस कशेडी घाट, दुसऱ्या बाजूस महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट आणि मधून वाहणारी सावित्री, असे पोलादपूर तालुक्याचे स्वरूप आहे. येथे वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उन्हाळाही तितकाच कडक. याच रायगड जिल्ह्यातील भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. ही तारीख ध्यानात घेण्याजोगी आहे. मार्चअखेरीस शाळा भरलेल्या असतात आणि परीक्षा तोंडावर आलेल्या असतात.

वर्गात ही उष्णता येते कोठून? पोलादपूर साधारणतः १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास दुपारी येथे सूर्य थेट डोक्यावर येतो. मार्चपासूनच त्याची चढण सुरू झालेली असते. माध्यान्हीचे ऊन भिंतींना ओझरते लागते. छपरावर मात्र ते सरळ कोसळते. बैठ्या शाळेत तर प्रत्येक वर्ग छपराखालीच असतो. यास्तव वर्गातील सुखसोयीचा प्रश्न हा प्रथमतः छपराचा प्रश्न होय.

बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौल कोकणात घरोघरी पोहोचले. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा निघून जाते, पावसाचा आवाजही सौम्य होतो. परंतु कौलांना दरवर्षी शाकारणी लागते, माकडे ती फोडतात आणि वादळात ती टिकत नाहीत. ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने जिल्ह्यातील अनेक शाळांची छपरे उडवली. अशा अनुभवानंतर गावकरी पत्र्याकडे वळले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

तथापि पत्र्याची किंमत केवळ दुकानात चुकती होत नाही. पातळ पत्रा लवकर तापतो आणि ती धग थेट मुलांच्या डोक्यावर उतरते. अशा वर्गात पंखा लावला, तर तो वरची तापलेली हवाच खाली ढकलतो. पावसाळ्यात निराळीच अडचण उभी राहते. मुसळधार सरीत पत्र्याचा आवाज एवढा होतो की, शिक्षकांचे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाहीत. हे नुकसान विजेच्या देयकात दिसत नाही, मुलांच्या वाचनात दिसते.

यावर उपाय आहे. पत्र्याखाली साधारण वीतभर पोकळी ठेवून आढ्याखालचे छत बसवावे आणि दोन्ही टोकांना जाळीच्या खिडक्या ठेवाव्यात. पोकळीतील तापलेली हवा बाहेर पडते आणि पावसाचा आवाजही अडतो. पत्रा बदलायचाच असेल, तर पांढऱ्या रंगाचा घ्यावा. अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला व पुढे पांढऱ्या छपरांचा उपक्रमही हाती घेतला. मात्र तेथील कोरड्या हवेतला उपाय येथे जसाच्या तसा चालणार नाही. स्लॅबवरील चुन्याचा हात येथे एका पावसाळ्यात धुऊन जातो आणि शेवाळ चढते. म्हणून तो दरवर्षी पाऊस सरल्यावर, फेब्रुवारी संपण्यापूर्वी द्यावा.

दुसरी बाब वाऱ्याची. कोकणातील दमट हवेत पाण्यावर चालणारा कूलर फारसा उपयोगी पडत नाही. अंगावरून वारा वाहिला तरच बरे वाटते. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या हव्यात आणि त्या पावसातही उघड्या ठेवता याव्यात, इतकी छपराची वळचण रुंद असावी. नैर्ऋत्येकडून येणारी झड अडवण्यासाठी त्या बाजूस पडवी असल्यास उत्तम. उत्तरेच्या उतारावर बसवलेली काचेची दोन कौले पावसाळी दिवसातही फळ्यावर उजेड देतात, ही गोष्ट जुन्या सुतारांना ठाऊक होती.

एवढे झाल्यावर पंख्यांचा विचार करावा. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर ब्रशविरहित मोटरचा नवा पंखा सुमारे ३०. एका वर्गात असे दोन पंखे दिवसाला ६ तास, वर्षात २०० दिवस चालले, तर १०८ युनिट वीज वाचते. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकन बंधनकारक आहे. खरेदी करताना किमतीच्या आधी ते तारे मोजावेत. सौर पॅनेल हे यानंतरचे पाऊल होय. गरज कमी केल्यावर पॅनेलही लहान पुरते.

हे काम कोणी करावयाचे? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे आणि या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीने छपराचे काम या आराखड्यात पहिल्या क्रमांकावर घ्यावे, ग्रामपंचायतीने आपल्या विकास आराखड्यात त्यास जागा द्यावी आणि शाखा अभियंत्यांनी अंदाजपत्रकात नुसता पत्रा न धरता खालचे छतही धरावे.

खर्चास मंजुरी देण्यापूर्वी संबंधितांनी एक साधी तपासणी अवश्य करावी. मार्चमधील एका दुपारी आणि जुलैमधील एका मुसळधार पावसात, वर्गाच्या शेवटच्या रांगेत अर्धा तास बसावे. प्राधान्य कशास द्यावयाचे, याचा निर्णय तेथे आपोआप होईल.