आकडीचं संशोधन आणि घरातली गोळी

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत बचत गोळा करून झाली आणि एक ताई रडायलाच लागली. मोबाईलवर तिला कुणीतरी पाठवलं होतं, की ब्लड प्रेशरच्या एका औषधानं आकडी थांबते. तिनं मुलाची रोजची गोळी बंद केली. चौथ्या दिवशी मुलगा विहिरीजवळ आकडी येऊन पडला. शेजारणीनं धरलं म्हणून वाचला.

त्या निरोपात खरं किती, ते आज आपण समजून घेऊ.

मेंदूतल्या पेशी रसायनांच्या मदतीनं एकमेकींना निरोप देतात. त्यातलं एक रसायन पेशीवरच्या ज्या जागी बसतं, तिथेच तंबाखूतलं निकोटिनही बसतं. जशी एकाच कुलपाला दोन किल्ल्या. सगळ्या मेंदूत एकाच वेळी निरोपांचा गोंधळ उडाला, की सर्वांगाची आकडी येते. माणूस बेशुद्ध पडतो, अंग ताठ होतं, झटके येतात.

मेकॅमिलामाइन नावाचं औषध हे कुलूप बंद करतं. ते 1950 च्या दशकात रक्तदाबासाठी आलं. पुढे उंदरांना विजेचा झटका देऊन आकडी आणली, तेव्हा या औषधानं अंग ताठ होणं रोखलं. बातमी एवढीच. ती उंदरांची आहे, आपल्या लेकरांची नाही. याच औषधानं बद्धकोष्ठ होतं, लघवी अडते, उठताना चक्कर येते. जास्त मात्रेत तर माणसाला उलट झटकेच येऊ शकतात. म्हणून डॉक्टर ते आकडीसाठी देत नाहीत.

निकोटिन फार झालं तरी झटके येतात. तेव्हा मिश्रीचा डबा लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

रोजची गोळी एकदम बंद केली, तर आकडी पहिल्यापेक्षा जोरात येऊ शकते. गोळी बदलायची असो, कमी करायची असो, डॉक्टरांना विचारूनच. दिवस राहायचे असतील, तर आधीच विचारा, पण मनानं गोळी सोडू नका.

कुणाला आकडी आली, तर कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, जवळचे दगड, विळी, भांडी बाजूला करा. दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका. चप्पल, कांदा हुंगवून काही होत नाही. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी पुन्हा आली, तर 108 ला फोन करा.

त्या ताईनं डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू केली. आपण गटाच्या वहीत हप्त्याची खूण करतो ना, तशी ती आता कॅलेंडरवर रोज गोळीची खूण करते. तुमच्या गटात असं कुणी असेल, तर तिच्या घरी आजच जाऊन या.