रक्तातली प्रथिनं काय सांगतात?

सांगोला तालुक्यातल्या आरोग्य गटाच्या आम्ही जणी आज प्रथिनांबद्दल बोलणार आहोत. प्रथिनं म्हटलं की आपल्याला मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, अंडं आठवतं. पण आज ताटातली प्रथिनं बाजूला ठेवू. आज बोलायचं ते आपल्या रक्तात आणि लघवीत सापडणाऱ्या प्रथिनांबद्दल. आजार ओळखायला ती कशी उपयोगी पडतात, ते बघू.

आपलं शरीर चालतं ते प्रथिनांवर. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन हे प्रथिन. साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन हेही प्रथिन. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडंसुद्धा प्रथिनंच. ही प्रथिनं बनवायची माहिती आपल्या जनुकांत असते. माणसात अशी सुमारे २०,००० जनुकं आहेत. जनुकं आईबापाकडून येतात आणि जन्मभर जवळपास तीच राहतात. प्रथिनं मात्र बदलत असतात. मक्याचा पोंगा कुरतडणारी लष्करी अळी आणि तिचाच पुढे होणारा पतंग, दोघांची जनुकं एकच असतात. तरी एक सरपटतं, दुसरं उडतं. कारण कोणती प्रथिनं कधी आणि किती तयार होतात, ते बदललेलं असतं. म्हणून शरीरात आज काय चाललंय हे जाणून घ्यायचं, तर प्रथिनांकडे बघावं लागतं.

ते कसं बघतात? दूध संकलन केंद्रावर आपण दूध घालतो, तेव्हा यंत्र फॅट आणि एसएनएफ सांगतं. थोड्याशा दुधावरून सगळ्या किटलीचा अंदाज येतो. मोठ्या प्रयोगशाळांत मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र असतं. त्याला फार बारीक वजनकाटा म्हणा. रक्तातल्या प्रथिनांचे आधी लहान तुकडे करतात, मग हे यंत्र एकेका तुकड्याचं वजन करतं. त्या वजनांवरून कोणतं प्रथिन आहे आणि किती आहे, हे संगणक जुळवून सांगतो. एका नमुन्यात शेकडो, कधी हजारो प्रथिनं अशी मोजता येतात. निरोगी माणसाची यादी आणि आजारी माणसाची यादी शेजारी ठेवली, की फरक कुठे आहे ते दिसतं.

हे काम आपल्या महाराष्ट्रातही चालतं. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक संजीव श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेने मलेरिया आणि मेंदूच्या गाठींवर असा अभ्यास केला आहे. २०२० साली कोविड आला, तेव्हा मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयातल्या रुग्णांचे नमुने घेऊन त्यांनी सौम्य आणि गंभीर आजारातल्या प्रथिनांची तुलना केली. कोणता रुग्ण पुढे गंभीर होईल, हे आधी कळावं, हा त्यामागचा हेतू. खाट कुणाला आधी द्यायची, प्राणवायू कुणासाठी तयार ठेवायचा, हे ठरवणं त्या दिवसांत किती अवघड होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे मुंबईचं झालं, आमच्या वाडीवस्तीवर काय? तर मैत्रिणींनो, प्रथिनाची एक साधी तपासणी आपल्या उपकेंद्रातही होते. गरोदर बाईच्या लघवीत पट्टी बुडवतात, ती हीच. पट्टीवरचा पिवळा रंग हिरवट झाला, तर लघवीतून प्रथिन जातंय असं समजतात. धडधाकट मूत्रपिंड प्रथिन सहसा बाहेर जाऊ देत नाही. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिन जाऊ लागलं, तर तो धोक्याचा इशारा असतो. पुढे बाईला झटके येऊ शकतात. आई आणि बाळ, दोघांचाही जीव धोक्यात येतो.

या आजारावरही प्रथिनांचा अभ्यास कामी आला. वारेतून आईच्या रक्तात येणारं एक प्रथिन या आजारात कमी होतं, असं दिसून आलं. इंग्लंडमध्ये २०१६ साली, या आजाराची शंका असलेल्या बायांसाठी ते मोजणाऱ्या तपासण्यांची शिफारस झाली. आपल्या उपकेंद्रातली पट्टी त्या मानाने अगदी साधी, पण काही मिनिटांत उत्तर देणारी. म्हणून प्रत्येक तपासणीला रक्तदाब आणि लघवी दोन्ही बघायला सांगा. "पाय सगळ्यांचेच सुजतात" असं म्हणून घरी बसू नका. तोंड आणि हात सुजले, डोकं फार दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बरगडीखाली दुखायला लागलं, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. डाळिंबाची तोडणी चालू असली तरी सुनेला त्या दिवशी मोकळं ठेवा, हे सासूबाईंना आमचं सांगणं.

आणखी दोन गोष्टी. नमुना उन्हात पडून राहिला तर त्यातली प्रथिनं बिघडतात, दूध नासतं तसंच. म्हणून शिबिरात रक्त घेतलं, तर ते थंड पेटीत ठेवलं का, हे विचारायला लाजू नका. दुसरं, संशोधनासाठी कुणी रक्त मागितलं, तर ते कशासाठी, निकाल आम्हाला कळेल का, आमचं नाव गुप्त राहील का, हे आपल्या भाषेत समजून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, आणि नाही म्हटलं म्हणून तुमचे उपचार कुणी थांबवू शकत नाही. पण सगळं समजून हो म्हणालात, तर तेही मोठं काम आहे. गावाकडच्या बायांचे नमुने अभ्यासात आलेच नाहीत, तर उद्याची तपासणी आपल्याला कितपत लागू पडते, हे कोण सांगणार? आणि एका थेंबात सगळे आजार ओळखतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर आधी आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारा.

येत्या बचत गटाच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या वस्तीवर कोण कोण गरोदर आहे, आणि त्यांच्या लघवीची तपासणी शेवटची कधी झाली, याची यादी करा. जिची राहिली असेल, तिच्यासोबत तुमच्यापैकी एकीने जा.