श्वासाचा आलेख आणि दिल्लीची हवा

साइनचा आलेख आपण सगळ्यांनी कधी ना कधी वहीत काढलाय. लाट वर जाते, खाली येते, रेषेखाली उतरते, पुन्हा वर. आज तो आलेख श्वासाला लावून बघू.

शांत बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. मिनिटाला १२ श्वास धरले, तर एका आवर्तनाला ५ सेकंद. हवा आत येण्याचा वेग शून्यापासून वाढतो, टोक गाठतो, पुन्हा शून्यावर येतो. मग तेच उलट्या दिशेने. टोकाचा वेग किती? पहिल्या अडीच सेकंदांत वक्राखालचं क्षेत्रफळ अर्धा लिटर भरलं पाहिजे. संकलन करा, उत्तर येतं सेकंदाला ०.३१४ लिटर. म्हणजे पायचा दहावा भाग! खरा श्वास इतका सममित नसतो, सोडायला आपण जरा जास्त वेळ घेतो. पण अर्धा लिटर तो अर्धा लिटरच, त्यामुळे पुढचा हिशेब बिघडत नाही.

आता पूर्ण ५ सेकंदांचं संकलन करा. शून्य! घेतलं तेवढं सोडलं. हवेपुरतं हे खरं आहे. पण मी नोएडात राहते, आणि इथल्या नोव्हेंबरात हवेबरोबर पीएम २.५ हे बारीक कण आत जातात. त्यातले काही परत येतात, काही फुप्फुसातच राहतात. त्यांचं संकलन शून्य होत नाही. म्हणून आपण फक्त आत येणारा अर्धा भाग मोजू.

मिनिटाला ६ लिटर, दिवसाला ८,६४० लिटर, म्हणजे ८.६४ घनमीटर. आपलं २४ तासांचं मानक आहे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. त्या हवेत दिवसभरात ५१८ मायक्रोग्रॅम कण ओढले जातात. पीएम २.५ चं प्रमाण २५० च्या वर गेलं की निर्देशांकाची 'गंभीर' श्रेणी लागते. तिथे आकडा होतो २,१६०.

इथवर प्रमाण दिवसभर सारखंच धरलं, आणि खरी गोम तिथेच आहे. बातम्यांतला निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात. हिवाळ्यात रात्री थंड हवा जमिनीलगत बसते, कण तिच्यात कोंडतात. दुपारी ऊन तापलं की हवा वर उठते आणि ते पांगतात. श्वासही दिवसभर सारखा नसतो. तेव्हा संकलन करायचं ते दोन वक्रांच्या गुणाकाराचं. नुसत्या दोन सरासऱ्या गुणून ते उत्तर येत नाही.

पळणारा माणूस मिनिटाला ४० लिटर हवा सहज ओढतो. तासाला २,४०० लिटर. पहाटे प्रमाण २५० असेल, तर त्या एका तासात ६०० मायक्रोग्रॅम. मानकाच्या हवेत अख्खा दिवस बसून राहिलात, तरी ५१८ च होतात! तेच पळणं दुपारी चारला, समजा प्रमाण १२० असताना केलं, तर २८८. पोरांचा सराव पहाटे सहाला ठेवणाऱ्या मैदानांवर हा गुणाकार कुणी करत असेल असं मला वाटत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर केंद्रवार, तासागणिक आकडे मिळतात. दिल्लीचेच घ्या असं नाही. पुणे, नागपूर, मुंबईचेही आहेत. एका दिवसाचे २४ आकडे उतरवा. प्रत्येक तासापुढे तुम्ही काय करत होता ते लिहा: बसला असाल तर ३६० लिटर, पळत असाल तर २,४००. लिटरचे घनमीटर करा, गुणा आणि बेरीज मारा. हेही संकलनच आहे, फक्त जरा जाड पायऱ्यांचं.