जळलेली रंगमंदिरे

आमच्या इस्लापूरकडच्या गावांत नाटकासाठी वेगळी इमारत सहसा नसते. दिवाळीत गोंड बांधवांची दंडार येते, मोरपिसांचा टोप घातलेले घुसाडी नाचतात आणि घरापुढचे अंगण हाच रंगमंच होतो. तरीही 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडल्याचे ऐकून मी फार हळहळलो. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले हे नाट्यगृह 1915 साली ‘पॅलेस थिएटर’ या नावाने सुरू झाले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवरावांचे नाव मिळाले. आग लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती.

नाट्यगृह होते तसेच उभारा, अशी मागणी लगेच झाली. पण ‘होते तसे’ म्हणजे नेमके कसे, हे सांगणार कोण?

लंडनचे ग्लोब थिएटर 1613 साली जळाले. शेक्सपिअरच्या ‘आठवा हेन्री’ या नाटकात तोफ उडवली आणि तिची ठिणगी गवताच्या छपरावर पडली. वर्षभरात नवे थिएटर उभे राहिले, पुढे तेही पाडले गेले. 1997 साली त्याची प्रतिकृती खुली झाली. पण मूळ आराखडा हाती नसल्याने जुनी चित्रे, उत्खननात सापडलेला थोडासा पाया आणि बराचसा तर्क यांवरच भागवावे लागले.

व्हेनिसचे ‘ला फेनिचे’ हे ऑपेरागृह 1996 साली जळाले आणि 2003 च्या अखेरीस पूर्वीच्याच रूपात पुन्हा उघडले. त्या कामी विस्कोन्ती यांचा ‘सेन्सो’ हा 1954 चा चित्रपट उपयोगी पडला. त्याचे काही चित्रण याच ऑपेरागृहात झाले होते आणि आतली सजावट त्यात टिपली गेली होती.

म्हणून मला वाटते, आपल्या गावातले जुने नाट्यगृह उभे आहे तोवरच त्याची मोजमापे घ्यावीत, नकाशा काढावा, आतले-बाहेरचे फोटो काढून दोन-तीन ठिकाणी जपून ठेवावेत. शाळा-कॉलेजची मुले हे काम आनंदाने करतील. आमच्या दंडारीला भिंती नाहीत. पण ढोलाचा कोणता ठेका केव्हा, कोण कुठे उभे राहते, हे जाणत्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते. ते विचारून घ्यायला येत्या दिवाळीचा मुहूर्त चांगला आहे.